उसनी भाची

काकींनी माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं आणि लगेच मोरीत जाऊन ते बोट राखेनं घासून धुतलं.

मी समोरच उभी होते. मला दिसावं म्हणून त्यांनी धुतलं नाही, आणि दिसू नये म्हणून आडही झाल्या नाहीत. शेणात हात घातल्यावर माणूस हात धुतो, तसं धुतलं. मग पदराला हात पुसत माझ्याकडं नीट बघितलं.

"आता घरातली दिसायलीस. कुणी इचारलं तर नाव अंबिका सांगायचं. माझ्या बहिणीच्या नणंदेची पोरगी. देगलूरकडली."

मी मान हलवली. माझा दादा जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी सोळा वर्षांची होते आणि मला जगायचं होतं. त्या घडीला कपाळावर काय लावलं आणि कुणी बोट धुतलं, याचा हिशेब करायला मी मोकळी नव्हते. तो मी पुढं केला. अजून करते.

बहिणीच्या नणंदेची पोरगी. काकींची अक्कल मानली पाहिजे. नातं असं शोधलं की कुणाला खोटं म्हणता येऊ नये आणि कुणाला तपासताही येऊ नये. देगलूर सीमेवरचं, म्हणून माझी बोली जरा वेगळी वाटली तरी चालून जाणार. आईबाप कुठंत म्हणून विचारलं तर हैदराबादला कामाला. मला सगळं पाठ करून घेतलं. कुलदैवत विचारलं तर तुळजापूर. मंगळवार धरते का, तर धरते. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरं काही नाही. मी आरती शिकले. टाळी कुठं वाजवायची, ताम्हन कुठल्या हातानं फिरवायचं, ओटी भरताना खण कसा धरायचा, सगळं शिकले. परीक्षेला सुद्धा एवढं पाठांतर केलं नव्हतं.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. श्रावणात आजी वारली. झड लागलेली. आमच्या वस्तीची मयत न्यायची जागा ओढ्यापलीकडं, आणि ओढ्याला पाणी. गावच्या स्मशानात मात्र पत्र्याचं शेड. सरकारी शेड, सगळ्या गावासाठी बांधलेलं, असं पाटीवर लिहिलेलं. दादा म्हणाला, "पाटी वाचायला शाळेत घातलं ना मला? मग वाचलीय. आजीला तिथंच न्यायचं." नेली. आजी जळाली, कोरड्या जागेत जळाली. जन्मभर गळक्या घरात राहिलेल्या बाईला शेवटी एवढं मिळालं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मायनं मला ओल्या वाकळा वाळत घालायला घरकुलाच्या स्लॅबवर पाठवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याला गेलेले. मी वरून बघितलं, ते गल्लीत शिरले. आठ-दहा जण असतील. दादा दारात होता. पुढं गावच्या पाटलांचा धाकटा मुलगा, हातात सळई. त्यानं काही विचारलं नाही, काही बोलला नाही. मारलं. एकदाच. दादा बसला, मग आडवा झाला. बाकीच्यांनी मग घरं फोडली, पण ते नंतर. दादा त्या पहिल्या फटक्यातच गेला होता.

मी पाण्याच्या टाकीमागं होते. धाकट्यानं वर बघितलं. मी त्याला बघितलं, त्यानं मला बघितलं. एवढंच. पण त्या एका नजरेनं माझं गाव माझं उरलं नाही.

मायनं फिर्याद दिली. त्यात तिनं माझं नाव मुद्दाम घातलं नाही. सळई कुणी मारली ते नीट बघितलेली मी एकटी, आणि पोरगा गेला, आता पोरगी तरी राहू दे, असं तिचं गणित. फिर्यादीत नाव नसलं तरी धाकट्याच्या डोक्यात होतंच. मामाच्या गावाला माणसं विचारून गेली. आत्याच्या गावालाही गेली. आमचे सगळे नातेवाईक त्यांना माहीत. लहानपणापासून एकाच गावात, लपायला जागा कुठली असणार?

अण्णा दरसाल अर्धापूरकडं केळीच्या बागेत घड उतरवायला जायचे. तिथले मालक, काका. अण्णा त्यांना मालक म्हणायचे, मी काका म्हणायला शिकले. अण्णांनी त्यांना फोन केला आणि काका एका शब्दानं हो म्हणाले. हे मी कधी विसरले नाही आणि कुणाला विसरू देणार नाही. आमच्या पाहुण्यारावळ्यांनी दारं लावून घेतली होती, तेव्हा या माणसानं उघडलं. केळीच्या रिकाम्या गाडीत, वाळलेल्या पानांच्या ढिगात बसून सकाळी सकाळी मी तिथं उतरले. अण्णांनी काकांचे पाय धरले. काका म्हणाले, "आता रडू नगंस. पोरगी माझी हाय." त्यांना कुणी पाय धरलेले आवडायचं. पण त्यांनी शब्द पाळला, हेही खरं.

मग कुंकू. मग बोट. मग अंबिका.

त्या घराची एक रीत होती, ती कुणी मला बसवून सांगितली नाही, दोन दिवसांत आपोआप कळली. घरात पाहुणे असले की मी अंबिका. पंक्तीत बसायचं, घरच्या तांब्यानं पाणी प्यायचं, काकांची मुलगी मनीषा हिच्या शेजारी गादीवर झोपायचं. पाहुणे गेले की मी गोठ्यात. तिथं माझं जर्मनचं ताट, कान तुटलेला कप. निजायला कडब्याच्या खोलीत पोतं. मी ज्या तांब्यानं पाणी प्याले असेन तो गोमूत्र शिंपडून घासला जायचा. काकी हे सगळं न ओरडता, न चिडता करायच्या. मला कधी शिवी दिली नाही. पोटभर वाढायच्या. फक्त वरून वाढायच्या.

सांगायला लाज वाटते, पण मी पाहुण्यांची वाट बघायचे. पाहुणा म्हणजे धोका. कुणीतरी ओळखेल, कुणीतरी बोलेल, आणि संपलं. तरी फाटकाशी मोटारसायकल थांबली की भीती आणि आनंद एकदमच उठायचे. आज गादी, आज आमटी घरातल्या वाटीत. जिवाला घोर लागलेला आणि जीव पंक्तीत बसायला आसुसलेला. रात्र रात्र डोळा लागायचा नाही, पोत्यावर नाही आणि गादीवर तर मुळीच नाही.

मनीषा माझ्याहून वर्षानं मोठी. तिचे कपडे मला होत. एकदा ती लोणच्याची फोड घेऊन गोठ्यात आली, माझ्याशेजारी दगडावर बसली आणि कॉलेजातल्या कुणाबद्दल सांगत बसली. आतून हाक आली तशी उठली. परत आली नाही. पण एकदा आली होती.

एक दिवस दोन माणसं आली. आमच्या गावची नव्हती, त्यांचे सोयरे असावेत, कारण मला तोंडावरून ओळखत नव्हती. ओसरीवर काकांना म्हणाली, "मुखेडकडली एखादी पोरगी कामाला आलीय का इकडं, बागंत?" काकांनी पान लावता लावता सांगितलं, "आमच्याकडं मुखेडचे गडी येतात हंगामाला. पोरीबाळी कशाला ठिवू मी?" आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "अंबिका, पाणी आण गं पाव्हन्यांना."

मी डोक्यावरून ओढणी घेऊन गेले. त्यांच्या घरचा तांब्या, घरचे पेले. दोघांच्या हातात पेले दिले. एकानं पेला रिकामा करून विचारलं, "कोण म्हनायच्या?" काका म्हणाले, "भाची." माझ्या भावाला मारणाऱ्यांची माणसं माझ्या हातचं पाणी पिऊन, ढेकर देऊन निघून गेली.  ती गेल्यावर काकांनीही पाणी मागितलं. मनीषाकडं.

त्या घरात काकांची आई होती. आजी. कंबर गेलेली, गोठ्यापर्यंत चालवायचं नाही, पण नजर घारीची. तिला माझं खरं सांगितलेलं नव्हतं. काकी म्हणायच्या, "म्हातारीच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." त्यामुळं तिच्यासाठी मी रोजच अंबिका. ती मला जवळ बसवून घ्यायची, वेणी घालून घ्यायची, पाय चेपून घ्यायची. त्या वेळेपुरती तरी घरात बसायला मिळायचं. "तुझा हात हलका हाय गं," म्हणायची. माझी आजी नुकतीच गेलेली. मी हिचे पांढरे केस विंचरताना काय काय आठवायचे ते लिहीत नाही.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं मराठवाड्यात हा सण केवढा मोठा ते सांगायला नको. घर भरलं. लेकी, सुना, नणंदा, शेजारणी. तीन दिवस मी सारखी अंबिका. पुरणाचे दिवे केले, फराळ मांडला, हळदीकुंकू लावलं, लावून घेतलं. कुणी बोट धुतलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायका दमून माजघरात चहाला बसल्या. मीही बसले. हसले सुद्धा. कुणीतरी काहीतरी गंमत केली होती. कितीतरी दिवसांनी मी विसरले की मी कोण आहे.

विसरले, आणि तिथंच चुकले. चहा संपला. सगळ्यांनी कप ताटलीत ठेवले होते. मी माझा कप उचलला, अंगणात गेले, राखेनं घासला, धुतला, आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घालून ठेवला. पदराला हात पुसत परत येऊन बसले.

लहानपणापासून तेच केलेलं. मायबरोबर खुरपायला जायचे तेव्हा मालकांच्या घरी चहा मिळायचा तो असाच. आपला कप आपण धुवायचा, आपल्या कोनाड्यात पालथा ठेवायचा, पुढच्या वेळी तोच घ्यायचा. माझ्या जिभेनं नाव बदललं होतं, कपाळानं कुंकू घेतलं होतं, पण हातांना कुणी काही शिकवलं नव्हतं. पाटलाच्या, देशमुखाच्या घरची पोरगी एकटा आपलाच कप धुऊन गोठ्यात ठेवील कशाला? तिच्या हाताला ती वाटच माहीत नसते.

कुणाच्या लक्षात आलं नाही. एका आजीशिवाय.

पाहुण्या गेल्यावर तिनं हाक मारली. मी नेहमीसारखी जवळ बसायला गेले तर तिनं हात आडवा केला. लांबूनच विचारलं, "कुठली गं तू?"

"देगलूरची."

"गाव न्हाई इचारलं."

मी माझे हात मागं घेतले. तिला उत्तर मिळालं. तिनं सुनेला पाणी तापवायला सांगितलं आणि दिवेलागणीला डोक्यावरून अंघोळ केली. तिच्या तोंडून कधी बाहेर शब्द फुटला नाही, हे मान्य केलं पाहिजे. सुनेला वाटत होतं तशी ती पोटाची हलकी नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून ती आपली वेणी आपण घालायला लागली. हात वर जायचे नाहीत. अर्ध्यात दमायची, थांबायची, परत घ्यायची. मी समोर बसलेली. फणी माझ्या हाताच्या अंतरावर. मी एकदा म्हणाले, "आजी, घालू का?" तिनं ऐकलंच नाही असं केलं.

सळई मी लांबून बघितली होती. हा फटका जवळून. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. तोवर भीती होती, दुःख होतं, उपकाराचं ओझं होतं. राग नव्हता. मी गोठ्यात गेले, कोनाड्यातला कप उचलला आणि उकिरड्यावर टाकून दिला. मग कान तुटलेला होता तोही टाकला. काकींनी विचारलं, "चहा कशात घेशील?" मी म्हणाले, "नको चहा." निघेपर्यंत मी त्या घरात चहा प्याले नाही. मोठा पराक्रम नाही, माहीत आहे. पण तेवढंच माझ्या हातात होतं.

दिवाळीनंतर लातूरच्या मावशीनं जागा बदलली, नवा पत्ता पाटलांच्या माणसांना ठाऊक नव्हता, तेव्हा अण्णा मला घेऊन तिकडं गेले. काकींनी मनीषाचे जे कपडे मी घालायचे ते बांधून दिले. "आता ते आमच्या काय कामाचे," म्हणाल्या. काका फाटकापर्यंत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला, टेकवला नाही.

लातूरला आल्यावर माझा जबाब झाला. उशिरा झाला. उशीर का, तर मी लपलेली होते. हा उशीर लक्षात ठेवा.

पुढं कॉलेज. लातूरला जो तो डॉक्टर व्हायला आलेला, मी कला शाखेत मागच्या बाकावर. इतिहासाच्या मॅडम हिटलर शिकवत होत्या. पुस्तकात चार ओळी होत्या, मॅडमनी त्याच्यापुढं जाऊन सांगितलं. ज्यूंना घराघरातून कसं वेचून नेलं. आईबापांनी पोरं कुणाच्याही हवाली केली. एका मुलाला शेतकऱ्याच्या घरात ठेवलं, त्याचं नाव बदललं, दुसऱ्या धर्माची प्रार्थना पाठ करून घेतली. झोपेत जुनं नाव तोंडून निघेल म्हणून तो झोपायला भ्यायचा.   हे मॅडमना कुणी सांगितलं, असंच मला वाटलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळहळून म्हणाली, "कसले लोक होते तिकडचे." तिकडचे.

मी उभी राहिले. वर्गात मी कधी बोलायचे नाही.

"मॅडम, त्या शेतकऱ्यानं त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं का?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत नाही. का विचारलंस?"

"सहज."

मी बसले. पण त्या तासाला मला एक गोष्ट पक्की कळली. कुठंतरी, लांबच्या देशात, माझ्यासारखं कुणीतरी जागं होतं. आणि लोक ती गोष्ट वर्गात उभं राहून सांगतात. लपवत नाहीत. मग मी कामून लपवायची?

बारावी झाले. पुढं एसटीत वाहक म्हणून लागले. आता लातूर आगारात आहे, माय-अण्णाही गाव सोडून माझ्याकडंच राहतात. छातीवर नावाची पट्टी असते, आडनावासकट. काही जण आधी पट्टी वाचतात, मग तिकीट मागतात. वाचू देते.

केस चालू होती. म्हणजे चालू नव्हती, तारखा चालू होत्या. धाकटा जामिनावर. आणि मधल्या काळात एक बातमी आली ती ऐकून अण्णा दिवसभर जेवले नाहीत. काकांनी मनीषा आमच्या गावात दिली. पाटलांच्या घरात. धाकट्याच्या थोरल्या भावाला.

मी बराच वेळ स्वतःला समजावत होते. जमीन बघतात, घर बघतात, मोठं घराणं. सोयरीक करताना कुणाच्या हाताला काय लागलंय हे कुठं बघतात? पण माहीत तर होतं. मी त्याच हातांपासून लपले होते, काकांच्याच घरात. मला वाचवणं आणि त्यांना पोरगी देणं, दोन्हींच्या मध्ये काकांना काही अडलं नाही. माझी माय म्हणाली, "त्यानं तुला वाचिवलं ते दया म्हून. आपलं म्हून न्हाई." शाळा न शिकलेली बाई. एका वाक्यात मोकळी झाली.

साक्षीची तारीख लागली आणि काका लातूरला आमच्या खोलीवर आले. बरोबर मनीषा, कडेवर लहान मूल. मी ड्युटीवरून नुकतीच आलेली. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर अण्णा बसलेले. काका दारात दिसले मात्र, अण्णा खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जशी माझ्या हाताला कोनाड्याची वाट, तशी त्यांच्या गुडघ्यांना फरशीची.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"अण्णा, वर बसा."

"असू दे बाई."

"न्हाई. वर बसा. घर आपलं हाय."

 मी तशीच उभी. अण्णा हळूहळू भिंतीला धरून उठले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. काका दुसऱ्या खुर्चीवर. दोघे समोरासमोर, एका उंचीवर. अण्णांना घाम फुटला होता. मला वाटतं ते त्या दिवशी जितके घाबरले तितके मला केळीच्या गाडीत लपवून नेतानाही घाबरले नसतील.

मी चहा केला. काका म्हणाले, "मला नगं. सोमवार धरतो."

त्या दिवशी बुधवार होता. आणि चहा उपासाला चालतो.  मनीषानं कप घेतला, पण हातात धरून ठेवला, ओठाला लावला नाही.

मग काका मुद्द्यावर आले. आवाज मऊ. "पोरी, खोटं बोल म्हनायला मी आलो न्हाई. तू आमच्या घरी व्हतीस का न्हाई?"

"होते."

"मंग तेवढंच सांगायचं. फकस्त आठ दिस आधीपासून व्हतीस म्हनायचं. घडलं त्याच्या आधीपासून. आठ दिसाचा तर फरक हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी त्यांच्या घरी आधीपासून होते, म्हणजे मी गावात नव्हते. गावात नव्हते म्हणजे स्लॅबवर नव्हते. म्हणजे कुणी मारलं ते बघायला कुणी नव्हतंच. माझा जबाब उशिरा झाला होता, फिर्यादीत माझं नाव नव्हतं. सगळं नीट बसत होतं. ज्या घरानं मला लपवलं तेच घर आता पुरावा होणार होतं, मी काही बघितलं नाही याचा.

"आन तू न्हाई म्हनलीस," काका म्हणाले, "तर मला कोर्टात सांगावं लागंल. माझ्या लेकीचा संसार हाय तिथं."

अण्णा खाली बघत म्हणाले, "बाई, मालकांनी जीव वाचिवला तुझा."

मनीषा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "अंबिका, तू माझ्या शेजारी झोपायचीस."

"झोपायचे," मी म्हणाले. "पाव्हणे असले की."

तिनं कप खाली ठेवला. मला तिचा राग नव्हता. तिनं कुणाला मारलं नव्हतं, आणि त्या घरात जायचं तिनं ठरवलंही नसेल. म्हणूनच जीभ जड झाली होती. तरी बोलले.

"काका, मी जिवंत हाय ती तुमच्यामुळं. हे मी कोर्टात सांगीन, गावात सांगीन, कुणी इचारलं न्हाई तरी सांगीन. पण दादा मेला तो कुणामुळं, तेबी सांगीन. दोन्ही एकाच तोंडानं सांगीन."

काका उठले. "आमचं मीठ खाल्लंस तू."

"खाल्लं. गोठ्यात."

ते निघून गेले. अण्णा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

नांदेडच्या कोर्टात माझी साक्ष झाली. समोर धाकटा, आता पोट सुटलेला, मोबाइल चाळत बसलेला. मी बघितलं ते सांगितलं. वाकळा, टाकी, सळई, नजर. मग त्यांचे वकील उठले.

"त्या कुटुंबानं तुम्हाला पोटच्या मुलीसारखं सांभाळलं, हे खरं आहे?"

"जीव वाचवला हे खरं आहे. पोटच्या मुलीसारखं हे खरं नाही."

"तिथं तुम्ही खोट्या नावानं राहत होता?"

"हो."

"खोटी जात सांगत होता?"

"हो."

"म्हणजे खोटं बोलण्याची तुम्हाला सवय आहे."

कोर्टात कुणीतरी हसलं.  पुन्हा तोच वर्ग, तेच हसणं. मी न्यायाधीशांकडं बघितलं.

"खरं नाव सांगितलं असतं तर मला मारलं असतं. ज्यांनी मारलं असतं ते इथं बसलेत. आता खरं नाव सांगूनच उभी आहे."

पुढच्या तारखेला काका आले. पांढरे कपडे, टोपी. शपथ घेतली. म्हणाले, "साहेब, पोरगी आदुगरपासूनच आमच्या घरी व्हती. आमच्या घरच्यावानी राहिली." मी मागच्या बाकावर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदा खोटं बोलून या माणसानं मला वाचवलं होतं, ओसरीवर, पान लावता लावता. आता दुसऱ्यांदा बोलत होते, तितक्याच सहज. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं मी कोण, आताही नाही. त्यांच्या सोयीनं मी भाची, त्यांच्या सोयीनं मी घरात, त्यांच्या सोयीनं मी गावात नव्हतेच.

बाहेर आले तर अण्णा पायरीवर उभे. त्या तारखेला ते स्वतःहून आले होते, मला न सांगता. डोळे लाल. म्हणाले, "मालक खोटं बोलले गं." एवढं कळायला त्यांना आख्खा जन्म लागला.  

निकाल अजून लागलेला नाही. काय लागेल ते मला माहीत नाही, आणि चांगलाच लागेल असं कुणी सांगायला आलं तर मी ऐकून घेत नाही. कदाचित कोर्ट त्यांचं ऐकेल. टोपी घातलेला बागाईतदार एकीकडं, खोट्या नावानं राहिलेली पोरगी एकीकडं. तसं झालं तर वरचं कोर्ट आहे. तिथंही बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर दारात उभी राहीन. लोक म्हणतात, आता पुरे, लग्न कर, बदली घे, लांब कुठंतरी जा. मी गेल्या महिन्यात अर्ज दिलाय, बदलीचाच. मुखेड आगार मागितलंय. आमच्या गावावरून जाणारी गाडी मागितलीय. पाटलांच्या वाड्यासमोर थांबा आहे तिचा.

त्या दिवशी तू कुठं होतीस, असं मला कुणीही, कितीही वेळा विचारावं. माझं उत्तर एकच राहील. गावात होते. माझ्या घरावर होते. माझा भाऊ पडला तिथून दहा हातांवर होते, आणि डोळे उघडे होते.